जुन्या लॅपटॉपचं वायफाय आणि एक खनिजशास्त्रज्ञ

वायफायचं कार्ड लॅपटॉपमध्ये आहे, त्याला वीज मिळते आहे, अँटेनाच्या दोन्ही तारा जागच्या जागी आहेत, आणि तरी ते मुकं आहे. जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम बसवणाऱ्या पुष्कळांनी ही अवस्था पाहिलेली असते. बाकी सगळं पहिल्या झटक्यात चालू होतं. आवाज येतो, पडदा नीट दिसतो, झाकण मिटलं की मशीन झोपतं आणि उघडलं की जागं होतं. कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक केल्यावर मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायची जी यादी उघडायला हवी, ती उघडत नाही.

माझ्यापुढे आलेला लॅपटॉप आत्याचा. ती चिपळूणला असते. शाळेतून निवृत्त झाली त्या सुमारास, २००९च्या आगेमागे, तिने तो घेतला. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, मोजकी रॅम, आणि आजच्या पातळ लॅपटॉपांना नसतो तसा खोल दाबला जाणारा कीबोर्ड. त्या कीबोर्डवर तिचा हात बसलेला आहे. इनस्क्रिप्टमध्ये ती मान खाली न घालता मराठी टाइप करते. विंडोज ७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं २०२०च्या जानेवारीतच थांबलं होतं, त्यामुळे ते मशीन तसंच इंटरनेटला जोडून ठेवणं मला पटत नव्हतं. नवा घेऊन देते म्हटलं तर म्हणाली, "अगं, याला काय झालंय? मला मेल बघायची, पेपर वाचायचा, चार पानं लिहायची. तू एवढं नेट चालू करून दे." मी तो पुण्याला घेऊन आले आणि त्यावर डेबियन १२ हे लिनक्सचं एक वितरण, म्हणजे बसवायला तयार असं रूप, बसवलं. २०२३ सालची ही गोष्ट.

आधी खटका बघावा. त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपांना पुढच्या किंवा उजव्या कडेला वायफाय चालू-बंद करणारा बारीकसा खटका असे, आणि पिशवीतून काढता-घालता तो नकळत सरके. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'आरएफकिल लिस्ट' लिहिलं की दोन ओळी दिसतात: सॉफ्ट ब्लॉक आणि हार्ड ब्लॉक. सॉफ्ट असेल तर एका आज्ञेने सुटतो. हार्ड असेल तर कुठलीही आज्ञा देऊन उपयोग नाही, बोटाने खटकाच सरकवायला हवा. आत्याच्या मशीनवर दोन्हींपुढे 'नो' होतं. मग पुढे जायचं.

पुढचं काम म्हणजे कार्डाची खरी ओळख पटवणं. लॅपटॉपच्या खोक्यावर किंवा तळाच्या लेबलवर जे छापलेलं असतं त्यावर विसंबू नये, कारण एकाच मॉडेलच्या लॅपटॉपांत वेगवेगळ्या खेपांना वेगवेगळी कार्डं बसवलेली असतात. 'एलएसपीसीआय' ही आज्ञा 'एनएन' जोडून दिली की प्रत्येक भागापुढे चौकटी कंसात दोन आकडे येतात. पहिला चिप बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या चिपचा. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ घेतला आहे, आपल्याच गाजलेल्या प्रोसेसरच्या नावाचा. एथेरॉसचा १६८सी. ब्रॉडकॉमचा १४ई४. आत्याच्या लॅपटॉपपुढे आलं १४ई४:४३१५, आणि शेजारी नाव बीसीएम४३१२. इथे पुष्कळ जण चुकतात, कारण ४३१२ हाच आकडा ओळखक्रमांक म्हणून असलेलं आणखी एक कार्ड आहे, आणि त्या चिपचं नाव मात्र बीसीएम४३११! दोघांना लागणारं सामान वेगळं. म्हणून नावाकडे दुर्लक्ष करावं आणि कंसातले आकडे कागदावर उतरवून घ्यावेत. पुढचं सगळं त्या आकड्यांवर ठरतं.

आता कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, निरोप वाचायचा. 'डीमेसेज' लिहिल्यावर पडद्यावरून शेकडो ओळी धावतात. त्यांत बी४३ हे अक्षर शोधलं की सापडलं. बी४३ हा या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाशी बोलणारा कर्नलचा भाग. तो जागेवर होता, त्याने कार्ड ओळखलं होतं, आणि तो सांगत होता की 'बी४३/यूकोड१५' नावाची फर्मवेअरची फाइल मिळाली नाही.

हे फर्मवेअर काय प्रकरण आहे ते नीट समजून घेण्यासारखं आहे. वायफायच्या चिपमध्ये स्वतःचा एक चिमुकला प्रोसेसर असतो. हवेतली वाहिनी मोकळी आहे का हे ऐकणं, दुसरं कोणी बोलत असेल तर थांबणं, पाकीट मिळाल्याची पोच क्षणार्धात परत पाठवणं, ही कामं इतकी वेळेला बांधलेली असतात की लॅपटॉपच्या मुख्य प्रोसेसरवर सोपवून चालत नाही. त्या चिमुकल्या प्रोसेसरला चालवणारा कार्यक्रम म्हणजे फर्मवेअर. तो कायमचा चिपमध्ये ठेवायचा तर त्यासाठी वेगळी मेमरी लागते आणि प्रत्येक कार्डाची किंमत वाढते. म्हणून ती ठेवतच नाहीत. दरवेळी मशीन चालू झालं की ऑपरेटिंग सिस्टिमने ती फाइल चिपला भरवायची, आणि वीज गेली की चिप ते सगळं विसरते.

ड्रायव्हर खुला असला तरी फर्मवेअर कंपनीचं असतं. ते वाटायची परवानगी कंपनीने दिली असेल तर लिनक्सची वितरणं ते सोबत देतात. डेबियनने खूप वर्षं आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असं बंद फर्मवेअर ठेवलंच नव्हतं. २०२२च्या शरद ऋतूत त्यांच्या सभासदांनी मतदान करून तो नियम बदलला, आणि २०२३च्या जूनमध्ये आलेल्या डेबियन १२ पासून पुष्कळ कार्डं इन्स्टॉल करतानाच चालू व्हायला लागली. पण बी४३चं फर्मवेअर त्यांतही नाही, कारण ते वाटण्याची परवानगीच नाही. त्याऐवजी एक पॅकेज मिळतं. ते बसवलं की ते इंटरनेटवरून ब्रॉडकॉमच्या एका जुन्या बंद ड्रायव्हरची फाइल आणतं, 'एफडब्ल्यूकटर' नावाच्या छोट्याशा अवजाराने त्यातला फर्मवेअरचा तेवढा तुकडा कापून काढतं आणि योग्य फोल्डरमध्ये ठेवतं. म्हणजे वायफाय चालू करायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला वायफाय! ज्याच्या घरी राउटरपासून केबल ओढता येते त्याचं भागतं. नाहीतर खिशातला फोन कामाला येतो. फोन यूएसबीच्या तारेने लॅपटॉपला जोडायचा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. लिनक्सला तो फोन साधं वायरचं नेटवर्क वाटतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी चांगले लॅपटॉप माळ्यावर जातात, म्हणून मी ते भेटेल त्याला सांगत असते.

मी फोन जोडला, पॅकेज बसवायला लावलं आणि पडद्यावर सरकणाऱ्या ओळी वाचत बसले. फाइल कुठून येते आहे तो पत्ता त्यांत दिसला. ब्रॉडकॉमचा नव्हता, डेबियनचाही नव्हता. एलडब्ल्यूफिंगर डॉट कॉम. जगभरच्या इतक्या जुन्या लॅपटॉपांना लागणारी फाइल कुणा एका माणसाच्या आडनावाच्या साइटवरून येत होती. फाइल उतरली, कापली गेली, ड्रायव्हर काढून पुन्हा चढवल्यावर कोपऱ्यात नावांची यादी उघडली. माझ्या मनात मात्र ते आडनाव राहिलं.

लॅरी फिंगर. वॉशिंग्टनमधल्या कार्नेगी इन्स्टिट्यूशनच्या भूभौतिक प्रयोगशाळेत त्यांनी स्फटिकांवर काम केलं. प्रचंड दाबाखाली खनिजांची आतली रचना कशी बदलते हा त्यांच्या संशोधनाचा विषय. एल साल्वादोरमधल्या इसाल्को ज्वालामुखीच्या वाफांतून जमलेलं तांबं आणि व्हॅनेडियमचं एक खनिज सापडलं, त्याला १९८५ साली त्यांच्या नावावरून 'फिंगेराइट' म्हणण्यात आलं. पृथ्वीच्या पोटातल्या एका वस्तूला ज्याचं नाव आहे, असा हा माणूस साठी उलटल्यावर लिनक्सच्या वायफाय ड्रायव्हरांकडे वळला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला.

तो वळला तेव्हा परिस्थिती कशी होती ते सांगायला हवं. २०००च्या दशकात ब्रॉडकॉमच्या चिपा ढिगाने लॅपटॉपांत बसत होत्या, पण त्या कशा चालवायच्या याचे कागद कंपनी बाहेर देत नव्हती. लिनक्स वापरणारे एनडीआयएसरॅपर नावाची एक युक्ती करत: विंडोज एक्सपीचा ड्रायव्हर उचलून आणायचा आणि लिनक्समध्ये त्याला असं भासवायचं की आपण विंडोजमध्येच आहोत. चालायचं, आणि कर्नल बदललं की कोसळायचं.

गंमत अशी की ब्रॉडकॉमची चिप लिनक्सवर आधीपासून चालत होतीच. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर २००२च्या अखेरीस बाजारात आला, त्याच्या पोटात लिनक्स होतं. लिनक्सच्या जीपीएल या खुल्या परवान्यामुळे २००३मध्ये त्याचा स्रोत, म्हणजे मूळ कोड, प्रसिद्ध करावा लागला आणि त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरांसाठीचं खुलं लिनक्स उभं राहिलं. फक्त वायफायचा भाग तेवढा तयार बायनरी स्वरूपात दिला होता, म्हणजे माणसाला वाचता न येणाऱ्या आकड्यांत. काही जणांनी ती बायनरी वाचायला घेतली.

वाचण्याची त्यांची पद्धत फार कडक होती आणि मला ती विलक्षण वाटते. लोकांचे दोन गट. एक गट बायनरी उलगडून बघणार आणि साध्या इंग्रजीत लिहून ठेवणार: या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या आकडा ठेवायच्या कप्प्यात) ही किंमत टाका, इतके मायक्रोसेकंद थांबा, मग ते रजिस्टर वाचा, आकडा अमुक असेल तर तमुक करा. दुसरा गट ती बायनरी कधीही बघणार नाही. फक्त हे वर्णन वाचून स्वतःचा ड्रायव्हर लिहिणार. कॉपी केल्याचा आळ कोणी घेऊ नये म्हणून मधली भिंत. एक चूक झाली की वर्णन लिहिणाऱ्याला सांगायचं, त्याने पुन्हा बायनरी उलगडून दुरुस्ती लिहायची, मग यांनी पुन्हा कोड लिहायचा. मायकेल ब्यूश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेला बीसीएम४३एक्सएक्स हा पहिला ड्रायव्हर २००६च्या जूनमध्ये कर्नलच्या २.६.१७ आवृत्तीत आला. नव्या वायरलेस चौकटीवर बेतलेला बी४३ २००८च्या जानेवारीत, २.६.२४ मध्ये.

आत्याच्या कार्डातला रेडिओ थोड्या वेगळ्या जातीचा, कमी वीज खाणारा. त्याला एलपी-फाय म्हणतात. तो तेव्हाही बी४३ला येत नव्हता. त्यासाठी फिंगर बायनरी उलगडून वर्णन लिहीत बसले आणि गाबोर स्तेफानिक या तरुणाने त्यावरून कोड लिहिला. २००९च्या डिसेंबरमध्ये २.६.३२ आवृत्तीत ते सामील झालं. आत्या तो लॅपटॉप दुकानातून घरी आणत होती त्याच दिवसांत हे चाललं होतं.

मला यात फिंगरांचं आधीचं आयुष्य दिसतं. स्फटिकात अणू कसे रचले आहेत हे कुणाला डोळ्यांनी बघता येत नाही. क्ष-किरण सोडायचे, ते कुठल्या कोनात किती तीव्रतेने विखुरतात ते मोजायचं आणि त्या मोजमापांवरून आतली रचना काढायची. रचना बरोबर निघाली तर तिच्यावरून केलेलं गणित मोजलेल्या आकड्यांशी जुळतं. जुळलं नाही तर पुन्हा बसायचं. बंद चिपचंही तसंच. आत काय आहे ते दाखवायला कोणी तयार नाही, तिच्याशी बोलणाऱ्या प्रोग्रामच्या हालचाली तेवढ्या हाती आहेत. उभं आयुष्य न दिसणाऱ्या रचना शोधण्यात घालवलेल्या माणसाला हे काम आपलं वाटलं असेल, अशी माझी समजूत आहे. हे काम तो कुठल्याही कंपनीचा नोकर म्हणून करत नव्हता.

आणि ड्रायव्हर एकदा लिहिला की संपलं, असं होत नाही. कर्नल सतत बदलत असतं. फिंगरांकडे ॲपलचा एक जुना लॅपटॉप, पॉवरबुक जी४, होता. त्यातली ब्रॉडकॉमची चिप मेमरीचे पत्ते फक्त ३० बिटांत मोजू शकते, म्हणजे पहिल्या एक जीबीपलीकडची मेमरी तिच्या आवाक्याबाहेर. २०१९ साली कर्नलच्या मेमरीच्या व्यवस्थेत एक मोठा फेरबदल झाला आणि त्या मशीनचं वायफाय बंद पडलं. फिंगरांनी ते कळवलं. मुख्य म्हणजे ज्यांनी फेरबदल केला होता त्यांनी हे हसण्यावारी नेलं नाही. बाजारातून केव्हाच गेलेल्या लॅपटॉपसाठी त्यांनी मार्ग काढला. जे चालत होतं ते आपल्यामुळे बंद पडता कामा नये, हा कर्नलचा नियम तिथे खरोखर पाळला जातो.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती २०२०ची दुरुस्ती. २०१८मध्ये वायफायच्या सुरक्षेचं डब्ल्यूपीए३ हे नवं मानक जाहीर झालं. हळूहळू राउटर त्यावर आले. बी४३वाली जुनी कार्डं त्या राउटरांना जोडलीच जाईनात. बहुतेकांनी गृहीत धरलं की चिप जुनी झाली, डब्ल्यूपीए२च्या जमान्यातली आहे, तिला हे जमायचं नाही. फिंगरांनी बघितलं तर अडचण चिपमध्ये नव्हती. नवी कूटलेखनं चिपला येत नसली तरी कर्नलमधला वायरलेसचा सामायिक भाग ती मुख्य प्रोसेसरवर करू शकत होता. बी४३ने 'आम्हाला हे चालेल' असं वरच्या भागाला कधी सांगितलंच नव्हतं, इतकंच. त्यांनी ते सांगणारी ओळ घातली. बदल अगदी एवढासा. ऐंशीच्या घरातल्या माणसाने बसून केलेला. त्यामुळे २००६-०७ सालच्या चिपा २०१८च्या मानकाने जोडल्या जायला लागल्या. माझ्या घरचा राउटर डब्ल्यूपीए३वर ठेवलेला आहे. आत्याचा लॅपटॉप त्याला पासवर्ड देताक्षणी जोडला गेला, तेव्हा मला नवल वाटलं होतं. कारण शोधत गेले आणि ही दुरुस्ती सापडली.

लॅरी फिंगर २०२४च्या जूनमध्ये गेले. बातमी वाचली तेव्हा मी आत्याला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, "त्यांना कुणी कधी थँक्यू म्हटलं होतं का गं?" पुष्कळांनी म्हटलं असेल, असं मी म्हणाले. मी म्हटलं नव्हतं.

याच कार्डांसाठी ब्रॉडकॉमचा स्वतःचा बंद ड्रायव्हरही मिळतो, 'डब्ल्यूएल' नावाचा. काही लॅपटॉपांवर तो बी४३पेक्षा जास्त वेग देतो, आणि बीसीएम४३ मालिकेतल्या काही नंतरच्या चिपांना त्याच्याशिवाय पर्याय नाही. पण त्याची शेवटची आवृत्ती २०१५ची आहे. त्यानंतर दरवेळी कर्नल बदललं की डेबियन, उबंटू, आर्च यांच्या लोकांनी वरून ठिगळं लावून तो बसता केला आहे. कर्नलच्या मूळ स्रोतात असलेला ड्रायव्हर घरच्या माणसासारखा असतो. घरात काहीही हलवलं तरी त्याची सोय बघूनच हलवतात, कारण आतली रचना बदलणाऱ्यानेच ती वापरणारे सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे अशी तिथली रीत आहे. बाहेरच्याला हे संरक्षण नाही. म्हणून बी४३ चालत असेल तर मी थोडा वेग सोडून देते. आणि दोन्ही एकाच वेळी बसवलेले असतील तर ते एकाच कार्डावर हक्क सांगतात आणि कधी हा जिंकतो कधी तो. एकाला काळ्या यादीत टाकावंच लागतं. ब्रॉडकॉमने २०१०च्या सप्टेंबरमध्ये आपल्या काही नव्या चिपांचा खुला ड्रायव्हर प्रसिद्ध केला, हेही नोंदवायला हवं. मोठं पाऊल होतं ते. ४३१२ मात्र त्यात नव्हती. इटलीतल्या ब्रेशा विद्यापीठाच्या मंडळींनी तर काही जुन्या चिपांसाठी पूर्णपणे खुलं फर्मवेअरच लिहिलं होतं, तेही एलपी-फायपर्यंत पोचलं नाही.

हे सगळं परदेशात घडत होतं असं वाटेल, पण लिनक्स आणि वायफाय ही जोडी महाराष्ट्रात एका अनपेक्षित ठिकाणी फार लवकर येऊन गेली. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांच्या हातात दिले होते. भारतातला त्या प्रकल्पाचा तो पहिला प्रयोग. दोन कान वर करायचे, ते अँटेना. मधे राउटर नसतानाही ते लॅपटॉप एकमेकांशी जोडले जात. त्यांत चिप मार्व्हलची होती. तिचा ड्रायव्हर त्याच वर्षी कर्नलमध्ये आला होता, आणि तिचं बंद फर्मवेअर हा तेव्हाही वादाचा मुद्दा झाला होता. शहरातल्या सुशिक्षित घरांत लोक वायफायसाठी विंडोजचे ड्रायव्हर उसने आणत होते तेव्हा त्या वाडीतल्या पोरांची लिनक्सवरची मशीनं परस्पर बोलत होती.

आत्याच्या मशीनकडे परत येते. चिपळूणला तिच्या घरी जाऊन जोडताना आणखी एक गोष्ट बघून घेतली, ती वाहिनीची. हे कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं; ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्याला कधीच दिसणार नाही, मग राउटर हातभर अंतरावर का असेना. २.४मध्ये भारतात १३ वाहिन्या वापरता येतात. २००५ सालापासून हा पट्टा विनापरवाना खुला आहे. अमेरिकेत मात्र ११ पर्यंतच वापरतात. लॅपटॉपवर देश म्हणून अमेरिका नोंदलेली असेल आणि राउटरने आपली आपण १२ किंवा १३ वाहिनी निवडली असेल, तर घरातलं नेटवर्क दिसत नाही आणि शेजारच्यांची सगळी दिसतात. माणूस चक्रावून जातो. 'आयडब्ल्यू रेग गेट' लिहून देश बघावा आणि 'आयएन' करून टाकावा. राउटर आपल्या ताब्यात असेल तर वाहिनी १, ६ किंवा ११वर कायम करावी, म्हणजे प्रश्नच मिटतो. तिथे मी ६ केली.

वेगाचं म्हणाल तर हे 'जी' जातीचं कार्ड, कागदोपत्री ५४ मेगाबिट, प्रत्यक्षात वीसेक मिळतात. मेल, वर्तमानपत्र, एखादं गाणं, नातवाशी व्हिडिओवर बोलणं, सगळं त्यात बसतं.

कार्ड कुठल्याच उपायाने दाद देत नसेल तर बदलता येतं, ही शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही. त्या काळच्या लॅपटॉपांत ते मिनी पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेत दोन स्क्रूंवर बसवलेलं असतं. तळाचं झाकण उघडायचं, दोन बारीक तारा नखाने अलगद उचलायच्या आणि कुठली कुठे होती ते आधी फोटोत धरून ठेवायचं. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुनी कार्डं मिळतात. एथेरॉसचं, एथ९के ड्रायव्हरवर चालणारं मिळालं तर डोळे मिटून घ्यावं. त्याला फर्मवेअरची फाइल लागतच नाही. काही कंपन्यांच्या लॅपटॉपांत मात्र बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये, मान्य कार्डांची यादी असते आणि यादीबाहेरचं कार्ड दिसलं की मशीन सुरूच होत नाही. तेव्हा घेण्याआधी परत करण्याचं बोलून ठेवावं. यूएसबीचा नखाएवढा डोंगल हा शेवटचा उपाय. त्यांतले बरेच रिअलटेकचे असतात, आणि त्यांचे ड्रायव्हर शोधत गेलं की गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर पुन्हा पुन्हा जे खातं सापडतं त्याचं नावही 'एलडब्ल्यूफिंगर'च आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चीही मुदत संपली. माझ्या ओळखीपाळखीतून "हा लॅपटॉप आता फेकायचा का?" अशी विचारणा तेव्हापासून वाढली आहे. फेकू नका, असं मी सांगते, आणि लगेच कार्डाचे कंसातले आकडे विचारते. या मशीनांना अजून कितीतरी वर्षं काम करता येईल. त्यांच्यासाठी कुणीतरी परक्या देशात रात्री बसून रजिस्टरांची वर्णनं लिहिली आहेत, ती वाया जाऊ देणं मला सहन होत नाही.

पण हे आपोआप टिकणार नाही. २०२३च्या अखेरीस कर्नलमधून पीसीएमसीआयएच्या, म्हणजे लॅपटॉपच्या कडेला खोचायच्या जुन्या कार्डांच्या, जमान्यातल्या काही वायफाय कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकायला घेतले. ती कार्डं कोणी वापरत असल्याचं दिसत नाही, कोणी तपासून कळवत नाही, हे त्याचं कारण; आणि सांभाळणाऱ्यांच्या बाजूने ते रास्तच आहे. कोणी वापरतं आहे हे त्यांना कळायचं तर वापरणाऱ्यानेच बोलायला हवं. त्याला कोड लिहिता यावा लागत नाही. नवं कर्नल जुन्या कार्डावर चालवून बघायचं, चाललं तर चाललं म्हणून आणि बिघडलं तर बिघडलं म्हणून, डीमेसेजच्या ओळींसकट कळवायचं.

पुढच्या महिन्यात मी चिपळूणला जाणार आहे. आत्याच्या लॅपटॉपवर आता डेबियन १३ चढवायचं आहे. एका पेनड्राइव्हवर यूकोड१५ आणि तिच्या बहिणी फायली काढून ठेवल्या आहेत, म्हणजे एखाद्या दिवशी ती साइट उघडली नाही तरी अडायला नको. आधी तेराव्याचं कर्नल पेनड्राइव्हवरूनच चालवणार, फर्मवेअर भरवणार, राउटर थोड्या वेळासाठी डब्ल्यूपीए३वर करून जोडणी बघणार. बी४३ नीट बोलला तर तसं लिहून पाठवेन. नाही बोलला तर जी ओळ छापून येईल ती जशीच्या तशी. सोबत कार्डाचा क्रमांक देईन, १४ई४:४३१५, म्हणजे निदान एक तरी कार्ड वापरात असल्याची नोंद तिथे होईल.